सातारा-सांगलीचा पावसाळा : घाटात आषाढ, माणदेशात भाद्रपद

महाबळेश्वरला एकट्या जुलै महिन्यात सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेला, सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला तेवढा पाऊस मिळण्यासाठी साधारणपणे चार वर्षे जावी लागतात. ही दोन्ही गावे सातारा जिल्ह्यातच आहेत. सांगली जिल्ह्यातही शिराळ्याची भातखाचरे आणि जतची माळराने यांच्यात असेच अंतर आहे. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' या नावाने वेगळा झालेला आणि १९६० मध्ये सांगली असे नामकरण झालेला हा जिल्हा पावसाच्या दृष्टीने आजही साताऱ्याचाच भाऊ आहे. पश्चिमेला सह्याद्रीची कड, मध्ये कृष्णेचे सुपीक खोरे आणि पूर्वेला पर्जन्यछायेतील माणदेश, असे तीन पट्टे दोन्ही जिल्ह्यांतून उत्तर-दक्षिण उतरतात. हवामान खात्याच्या विभागणीत मात्र हा सारा मुलूख 'मध्य महाराष्ट्र' या एकाच उपविभागात मोडतो.

पावसाच्या प्रमाणातील ही तफावत शालेय भूगोलाच्या पुस्तकांमुळे बहुतेकांना ठाऊक असते. तितकी ठाऊक नसलेली गोष्ट वेळेची आहे. घाटमाथ्यावर पावसाचा भर जुलैत असतो. माणदेशात तो सप्टेंबरमध्ये असतो आणि जुलै-ऑगस्ट हे तेथे अनेकदा कोरडे महिने ठरतात. म्हणजे एका भागाचा पावसाळा ओसरू लागतो, तेव्हा दुसऱ्या भागाचा खरा पावसाळा सुरू होतो. पेरणी, द्राक्षबागांची छाटणी, धरणांतील साठा, सांगलीचा पूर आणि टँकरचे वेळापत्रक या सर्वांचा उलगडा 'किती' यापेक्षा 'कधी' या प्रश्नातून अधिक होतो.

जुलैचे धनी

नैर्ऋत्य मोसमी वारे विषुववृत्त ओलांडून सोमालियाच्या किनाऱ्यालगत वेग घेतात आणि अरबी समुद्रावरून बाष्प गोळा करीत पश्चिम किनाऱ्यावर येतात. केरळात त्यांच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख १ जून आहे. दक्षिण महाराष्ट्रात ते जूनच्या पहिल्या दहा दिवसांत पोचतात. कोकणाची चिंचोळी पट्टी ओलांडताच त्यांच्यासमोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. वर चढणारी हवा थंड होते, बाष्पाचे ढग होतात आणि ते घाटमाथ्यावरच रिते होतात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर, म्हणजे ऐन या चढणीच्या टोकावर वसले आहे. जुलैत किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार होतो, त्याच सुमारास बंगालच्या उपसागरातून कमी दाबाची क्षेत्रे मध्य भारताकडे सरकू लागतात आणि ती अरबी समुद्रावरील वाऱ्यांना आणखी जोराने ओढून घेतात. घाटातील पावसाचा जोर बंगालच्या उपसागरातील हालचालींवर ठरतो, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण महाबळेश्वरच्या मोठ्या झडींमागे बहुधा तेच कारण असते.

हा पाऊस गडगडाटाचा नसतो. घाटावरील ढग फार उंच वाढत नाहीत, विजाही जुलैत फारशा चमकत नाहीत. धुके, संततधार आणि आठवडा-आठवडा न दिसणारे ऊन असे त्याचे रूप असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासासाठी खास प्रयोगशाळा सुरू केली, कारण येथे ढग अभ्यासकाच्या दारातच येतो. वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पावसाच्या या गावाचा लौकिक मोठा असला, तरी पाटण तालुक्याच्या टोकावरील पाथरपुंज या दुर्गम ठिकाणी अलीकडच्या काही वर्षांत त्याहूनही अधिक पाऊस नोंदला गेला आहे. तेथे पर्यटक पोचत नाहीत, एवढाच फरक.

घाटमाथ्याची कड ओलांडली की पाऊस किती झपाट्याने आटतो, हे महाबळेश्वर-वाई या रस्त्यावर समजते. पाचगणी महाबळेश्वरपासून अवघ्या १९ किलोमीटरवर आहे आणि तेथे पाऊस जेमतेम एक तृतीयांश उरतो. पसरणी घाट उतरून वाईला यावे, तर तो सात-आठशे मिलिमीटरवर येतो. पुढे कोरेगाव, खटाव, माण असे जाताना आकडा पाचशेच्या आत-बाहेर घुटमळू लागतो. आटपाडी, कवठेमहांकाळ, जत यांची स्थिती तीच.

अतिवृष्टीच्या सरकारी व्याख्येवरून हा फरक आणखी ठळक होतो. एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर नुकसानभरपाईच्या दृष्टीने ती अतिवृष्टी धरली जाते. जतला असा दिवस उगवला तर ती बातमी होते. महाबळेश्वरच्या जुलैतील सरासरी दिवसच त्या मापाचा असतो.

कोरडा श्रावण

पूर्वेकडील तालुक्यांत पावसाची रेघ सरळ चढून सरळ उतरत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या तापलेल्या हवेतून वळीव येतो. जूनमध्ये मोसमी वाऱ्यांच्या आगमनाबरोबर काही चांगल्या सरी पडतात. आणि नंतर, ज्या काळात घाटात सूर्यदर्शन होत नाही, त्या जुलै-ऑगस्टमध्ये माणदेशावर ढग नुसते धावत राहतात. याचे कारण वाऱ्याच्या जोरातच आहे. वारे जितके बळकट, तितके घाटात अधिक पाणी सांडते आणि पूर्वेला उतरणारी हवा तितकीच कोरडी होते. उतरताना ती तापते, ढगांना वर वाढू देत नाही. भुरभुर पडते, पण जमीन ओलावत नाही. आषाढीसाठी निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, फलटणचा टापू ओलांडते, तेव्हा वारकऱ्यांच्या अंगावर अनेकदा पावसापेक्षा वाराच अधिक येतो.

या वाऱ्याचा व्यापारी उपयोगही झाला आहे. पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर आणि कवठेमहांकाळ तालुक्यातील ढालगाव परिसरात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांचा सुगीचा हंगाम जून ते ऑगस्ट हाच असतो. ढालगावच्या माळावर पाती गरगरा फिरत असताना खालची बाजरी मान टाकते, हे दृश्य पर्जन्यछायेचे सर्वांत नेमके चित्र म्हणावे लागेल.

ऑगस्टच्या अखेरीस पश्चिमेचे वारे ढिले पडतात. आकाश अधूनमधून मोकळे होते, जमीन तापते, हवेत बाष्प मात्र असतेच. दुपारनंतर उंच वाढणारे ढग जमू लागतात आणि पूर्वेकडून गडगडाटासह पाऊस येतो. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रेही या काळात अधिक दक्षिणेकडून वाटचाल करतात, त्यांपैकी काही थेट सोलापूर-सांगलीपर्यंत येऊन पोचतात. ऑक्टोबर २०२० मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर चढलेल्या तीव्र कमी दाबाच्या क्षेत्राने पंढरपूर, सांगली, पुणे या पट्ट्यात मुसळधार पाऊस पाडला होता. घाटाचा पाऊस अरबी समुद्राचा, तर माणदेशाला तारणारा पाऊस बराचसा पूर्वेचा, असे ढोबळमानाने म्हणता येते.

मध्येच खंड पाडणारा असा दुहेरी पावसाळा उष्ण कटिबंधात इतरत्रही आढळतो. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूला जून आणि सप्टेंबर अशी पावसाची दोन शिखरे असतात. मधल्या जुलै-ऑगस्टमधील उघडिपीला तेथील शेतकरी 'वेरानिलो' म्हणजे छोटा उन्हाळा म्हणतात. केनियात मार्च ते मेचा 'लांब' आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा 'आखूड' असे दोन पावसाळे मोजले जातात. पर्वताच्या एका अंगाला अतोनात पाऊस आणि दुसऱ्या अंगाला दुष्काळ याचे जगप्रसिद्ध उदाहरण हवाई बेटांतील काउआईचे आहे. तेथे मात्र व्यापारी वारे वर्षभर एकाच दिशेने वाहत असल्याने कोरडी बाजू कायमची कोरडीच राहते. माणदेशाचे नशीब त्या मानाने बरे, कारण येथे वर्षातून एकदा वारे बदलतात.

नक्षत्रांचे गणित

शेतकऱ्यांनी ही विभागणी उपकरणांच्या आधी ओळखली होती. पावसाळ्याची नक्षत्रे ही सूर्याच्या भ्रमणावर बेतलेली सौर पंचांगाची साधी चौकट आहे. सूर्य साधारण ७-८ जूनला मृगात प्रवेश करतो. पुढे दर तेरा-चौदा दिवसांनी आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा अशी नक्षत्रे लागतात. २६-२७ सप्टेंबरला हस्त, १० ऑक्टोबरच्या सुमारास चित्रा आणि २३-२४ ऑक्टोबरला स्वाती. पुनर्वसूचा तो 'तरणा' पाऊस, पुष्याचा तो 'म्हातारा', ही नावे गावोगावी रूढ आहेत. पाटण, जावळी, शिराळ्याचा शेतकरी मृग-आर्द्रात भाताची तजवीज करतो आणि तरण्या-म्हाताऱ्यात रोपलावण उरकतो. माण, आटपाडी, जतचा शेतकरी मृगावर हलक्या रानात बाजरी, मटकी टाकतो खरा. पण त्याची खरी भिस्त उत्तरा-हस्तावर असते. काळ्या रानात त्या ओलीवर शाळू पेरला जातो आणि पुढे थंडीत एकही थेंब न पडता तो त्या साठलेल्या ओलाव्यावर निभावतो. हस्त चुकला की माणसाची भाकरी आणि जनावराचा कडबा एकदमच जातो.

नक्षत्रांच्या 'वाहनां'ना मात्र हा मान देता येणार नाही. पंचांगात सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागतात आणि उरलेल्या बाकीवरून बेडूक, म्हैस, हत्ती, कोल्हा, गाढव असे वाहन ठरते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पाऊस चांगला, असा समज आहे. ही निव्वळ अंकगणिताची करामत असून वातावरणाशी तिचा काही संबंध नाही. शिवाय एकच वाहन कोयनानगरला आणि जतला लागू कसे पडावे, हा साधा प्रश्न उरतोच.

नक्षत्रांच्या तारखाही ऋतूंच्या तुलनेत अगदी हळूहळू पुढे सरकत आहेत. पृथ्वीच्या आसाच्या परांचनगतीमुळे सुमारे ७१-७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. सातशे वर्षांपूर्वी, ज्ञानेश्वरांच्या काळात, मृग नक्षत्र ऋतुमानाच्या हिशेबाने आजच्यापेक्षा सुमारे दहा दिवस आधी लागत असे. जुन्या म्हणी आजच्या पावसाला तंतोतंत लागू पडल्या नाहीत, तर दोष केवळ हवामानबदलाला देता येणार नाही.

डाळिंबाच्या बागाईतदाराने तर ही नक्षत्रे थेट व्यवसायात उतरवली आहेत. आटपाडी तालुक्यात डाळिंबाचा बहार धरताना मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार असे तीन पर्याय असतात. पहिल्या दोहोंची नावेच पावसाच्या दोन हंगामांवरून आली आहेत. झाडाला ताण कधी द्यायचा आणि पाणी कधी सोडायचे, हा निर्णय म्हणजे पावसाच्या कोणत्या शिखरावर पैसे लावायचे हे ठरवणे होय.

सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस सर्वांनाच हवा असतो, असेही नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, खानापूर हा द्राक्षपट्टा अवर्षणप्रवण भागातच वाढला. आर्द्रता कमी म्हणून रोग कमी, हा त्याचा पाया. द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरच्या मागेपुढे होते. छाटणीनंतर कोवळी फूट बाहेर येते आणि नेमका त्याच सुमारास हस्त-चित्राचा पाऊस झाला, तर डाऊनी मिल्ड्यू, म्हणजे केवडा रोग, घड जिरवून टाकतो. बांधाच्या एका बाजूला शाळूवाला आभाळाकडे डोळे लावून बसलेला, तर दुसऱ्या बाजूला द्राक्षवाला पंप पाठीवर घेऊन तेच आभाळ जाऊ दे म्हणतो. एकाच गावात, कधी एकाच घरात, एकाच पावसाबद्दल दोन मते असतात. पुढे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बेदाणा शेडवर सुकत असताना येणारी अवकाळी सर ही आणखी वेगळी धास्ती.

मेंढपाळांचे वर्षही याच वेळापत्रकावर चालते. मेंढरांना संततधार सोसत नाही. त्यामुळे धनगरांचे वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाच्या आधी पूर्वेच्या कोरड्या माळांवर परत येतात. ज्या कोरडेपणाला शेतकरी शाप समजतो, तो मेंढपाळाच्या कळपाचा आसरा असतो. तोही अर्थात मर्यादेपर्यंतच. सप्टेंबरही कोरडा गेला तर काय होते, हे व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त आले आहे.

पाणी आले, पण कधी?

घाटातील जुलैचे पाणी अडविण्यासाठी या दोन जिल्ह्यांत मोठी धरणे बांधली गेली. कोयनेची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी, वारणेवरील चांदोलीची सुमारे ३४ टीएमसी. त्यांखेरीज धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी ही धरणे आहेत. (एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर.) धरण भरण्याची तारीख हा या भागातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. जुलैतच धरण भरू दिले, तर ऑगस्टमधील मोठ्या झडीला जागा उरत नाही आणि पाणी जसे येईल तसे सोडावे लागते. जागा राखून ठेवली आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर वीज आणि सिंचन दोन्ही अडचणीत येतात. ही भीती काल्पनिक नाही. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी कोयना काठोकाठ भरलेच नाही.

सांगली शहर मुख्यतः स्वतःच्या पावसाने बुडत नाही. शहराचा वार्षिक पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे. ते बुडते ते महाबळेश्वर, कोयनानगर, चांदोलीच्या पावसाने. कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते, आणि खाली नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन भिडते. नदीचा उतार येथे मंदावलेला असल्याने पाणी लवकर निचरत नाही. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलावरील फुटांचे आकडे शहरवासीयांना तोंडपाठ असतात : ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले. तो उच्चांक पुन्हा लवकर गाठला जाणार नाही, असे तेव्हा अनेकांना वाटले होते.

२०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. ते वर्ष पावसाच्या वेळेच्या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगे आहे. मोसमी वारे त्या वर्षी केरळातच ८ जूनला आले आणि महाराष्ट्रात पोचायला २० जून उजाडला. पेरण्या लांबल्या. जुलैच्या अखेरीस घाटात जो पाऊस सुरू झाला, तो ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांत थांबलाच नाही. धरणे भरत आलेली असल्याने वरचे पाणी थेट खाली आले. सांगलीच्या बाजारपेठा, गावभाग, उपनगरे अनेक दिवस पाण्याखाली राहिली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला. ब्रह्मनाळला येरळा कृष्णेला मिळते. ही येरळा खटाव तालुक्यातून, म्हणजे दुष्काळी मुलखातून येते आणि वर्षातील बराच काळ कोरडी असते. त्याच आठवड्यात माण, आटपाडी, जत तालुक्यांतील गावांना टँकरने पाणी पुरवले जात होते आणि चारा छावण्याही पूर्णपणे बंद झालेल्या नव्हत्या.

वर्ष तेथेच संपले नाही. वायव्य भारतातून मोसमी वाऱ्यांचा परतीचा प्रवास २०१९ मध्ये ९ ऑक्टोबरला सुरू झाला. इतका उशीर तोपर्यंतच्या नोंदींत कधीच झाला नव्हता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लांबलेल्या पावसाने छाटणी झालेल्या द्राक्षबागांचे मोठे नुकसान केले. पूर, टंचाई आणि अवकाळी ही तिन्ही संकटे एकाच जिल्ह्यात एकाच पावसाळ्यात आली आणि तिन्हींचे पंचनामे वेगवेगळ्या तालुक्यांत झाले.

पुराची कारणे तपासण्यासाठी नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद त्याआधीही होता आणि त्यानंतरही मिटलेला नाही. पण २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा प्रश्न खालच्या धरणापुरता नाही, हे पुन्हा दिसले. दहिवडीच्या पूर्ण वर्षापेक्षा जास्त पाऊस एका दिवसात पडला होता. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून घरे गाडली गेली आणि सांगलीत पाणी पुन्हा ५४ फुटांपर्यंत चढले.

पश्चिमेचे पाणी पूर्वेला नेण्यासाठी ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजना आल्या. त्यांनी कवठेमहांकाळ, आटपाडी, खानापूर, जत, सांगोला या भागांचे अर्थकारण बदलले, यात शंका नाही. परंतु या योजना महिनोन्‌महिने थोडे-थोडे पाणी उचलण्यासाठी आहेत, तर पूर चार-आठ दिवसांचा असतो. कृष्णा दोन लाख क्युसेकने वाहत असेल, तर एका दिवसात सुमारे १७ टीएमसी पाणी सांगलीवरून पुढे जाते. म्हैसाळ योजनेसाठी नियोजित असलेले वर्षाचे पाणी जवळपास तेवढेच आहे. 'पुराचे पाणी दुष्काळी भागाला द्या' ही मागणी रास्त आहे. मात्र पंपांनी पूर ओसरत नाही. पंप जुलैच्या मध्यापासूनच चालवून पूर्वेचे तलाव, बंधारे भरून घेणे शक्य असते आणि अलीकडे तसे केलेही जाते. कोरड्या श्रावणात आटपाडी-जतचे तलाव घाटातील आषाढाच्या पाण्याने भरावेत, ही या योजनांची सर्वांत शहाणी वापरपद्धत. ब्रिटिश काळात दुष्काळी कामांतून बांधलेल्या म्हसवडजवळच्या राजेवाडी तलावाला ही सोय नव्हती. तो माणगंगेच्या पाण्यावर, म्हणजे परतीच्या पावसाच्या मर्जीवर अवलंबून राहिला.

कॅलेंडर बदलते आहे

हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी वाऱ्यांच्या आगमन-निर्गमनाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. आधीच्या तारखा १९०१ ते १९४० या काळातील नोंदींवर आधारित होत्या. नव्या वेळापत्रकात वायव्य राजस्थानातून माघारीची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली आणि मुंबईतून माघारीची २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर. पावसाळा मागच्या बाजूने लांबला, हे अधिकृतरीत्या मान्य झाले. माणदेशाला ही बातमी वरकरणी चांगली, द्राक्षपट्ट्याला वाईट. २०२५ मध्ये तो पुढच्या बाजूनेही ताणला गेला. मोसमी वारे २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाले. मृगाची वाट न पाहता रोहिणीतच झालेल्या या पावसाने ओढे वाहिले. परंतु नांगरट, कुळवणी अशी पेरणीपूर्व कामे अडली आणि वाफसा मिळेना.

उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तीर्ण पट्ट्यात अतिमुसळधार पावसाच्या व्यापक घटना तिप्पट झाल्याचे आढळले. एकूण पाऊस घटत असतानाही हे घडले. सरासरी भरून निघते, पण ती तीन-चार दिवसांत भरून निघते.

सरासरीच्या भरवशावर बेतलेले नियम अशा वेळी चमत्कारिक निकाल देतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात शिराळा होता, वाई होता. जत आणि माण पहिल्या यादीत नव्हते. निकष प्रत्येक तालुक्याची त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या पावसाशी तुलना करतात. नेहमीच कमी पाऊस असलेल्या तालुक्यात आणखी थोडा कमी पाऊस झाला, तर टक्केवारीत तूट छोटी दिसते. जतसारख्या तालुक्यांतील महसूल मंडळांचा विचार नंतर करावा लागला. २०१६-१७ नंतर 'महावेध' प्रकल्पातून राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे मंडळ पातळीवर उभी राहिली. त्यामुळे तालुक्याच्या एकाच पर्जन्यमापकावर विसंबण्याचे दिवस गेले असले, तरी हंगामाची व्याख्या जुनीच आहे.

महसूल खात्याला पूर्वापार खरिपाची गावे आणि रब्बीची गावे असा भेद ठाऊक आहे. खरिपाची अंतिम पैसेवारी १५ डिसेंबरला लागते, रब्बीची १५ मार्चला. हवामानशास्त्राच्या हिशेबात मात्र मोसमी हंगाम १ जूनला उघडतो आणि ३० सप्टेंबरला मिटतो. त्यानंतरचा पाऊस 'मोसमोत्तर' म्हणून वेगळ्या रकान्यात जातो. हस्त नक्षत्र लागते २६-२७ सप्टेंबरला. राज्याचा पावसाळा किती टक्के झाला याचे आकडे जाहीर होतात, तेव्हा आटपाडीच्या काळ्या रानात शाळूची पाभर अजून निघालेली नसते.